नळ आला का

चावी अडीच हातांची, लोखंडी,
मूठ माझ्या घामानं काळी.
एकोणीस वर्षं सेलूतल्या अर्ध्या गावाची तहान
हिनं डावी-उजवी फिरवली,
मी अजून रोजंदारीवर.

पूर्वी लोक मला विचारायचे.
टपरीवर चहा आयता समोर यायचा,
"शेषेराव, उद्या का परवा?"
मी बशीत ओतायचो, फुंकायचो,
उत्तराला जरा उशीर करायचो.
खरा पगार तेवढाच होता.

मग शिवणकाम करणाऱ्या निलोफरनं
ग्रुप काढला : नळ आला का.
आधी चौदा बाया. पोळ्यापर्यंत दोनशे.
रात्री पावणेतीनला मी झाकण उचललं
की पहिल्या घरातून एकच शब्द सुटायचा : आला.
पाणी पोचायच्या आधी
गल्लीभर दिवे पोचायचे.
मी खड्ड्यात, गुडघाभर गाळात, वर बघायचो.
पाण्याच्या पुढं काहीतरी पळत होतं
आणि त्याचा व्हॉल माझ्याकडं नव्हता.

कुणी तारखा टाकल्या, कुणी दूधवाल्याच्या कॅलेंडरचा फोटो.
मथुरा टोम्पेनं, शाळा आठवीत सुटलेली,
भिशीच्या वहीत रेघा मारल्या :
आपली गल्ली, अकरा दिवस.
साहेबांची कॉलनी, चार.
खाली काही लिहिलं नाही.

(शेवटच्या घरातल्या पंचफुलाबाईकडं मोबाइल नाही.
ती नळाशी उशी घेऊन झोपते,
पाण्याआधी पाइपात हवा शिट्टी मारते, ती ऐकून उठते.
वहीत तिचं घर राहून गेलं.)

इतकी वर्षं लोक अर्ज द्यायचे,
आवक-जावकचा शिक्का खाऊन
अर्ज कपाटात म्हातारे व्हायचे.
ह्या पानावर शिक्काच नव्हता,
त्यामुळं ते कुठल्या टेबलावर अडवायचं
नगरपरिषदेत कुणालाच कळेना.

एका रात्री नानांचा फोन.
नवीन प्लॉटिंग, तिथला हौद.
गेलो. जातोच मी.
सकाळी ग्रुपवर फोटो :
पाठमोरा माणूस, वाकलेला, हातात चावी.
खाली एकशेसहा जणांनी विचारलेलं, कोण हाय हा?
बायकोनं भाकरी थापता थापता
पिठाच्या बोटानं मोबाइल माझ्यापुढं सरकवला.
"पाठीवरलं ठिगळ म्याच लावलंय," एवढंच म्हणाली.
ग्रुपवर तिनं काही लिहिलं नाही.
तव्यावरची भाकरी मात्र उलटायची राहिली.

पुढं नाना ग्रुपात आले. साहेब आले.
गुलाबाची फुलं आली, वाढदिवसाचे बॅनर आले.
निलोफरला कुणी समजावलं, घरी जाऊन, तिच्या अब्बांदेखत,
आणि ॲडमिन बदलला.
आता लिहायचं ते फक्त ॲडमिननं.
दोनशे तोंडांत एक जीभ,
ती रोज सुप्रभात म्हणते.

बारावी रात्र. चावी फिरवली.
एक दिवा लागला नाही.
तोट्या नसलेल्या नळांतनं पाणी गटारीला लागलं,
त्याचा आवाज मी पहिल्यांदा एवढा स्वच्छ ऐकला.
फक्त शेवटच्या घरात हंडा सरकला.
मग मथुरा ताटावर उलथनं हाणत दारात आली,
पलीकडं परात वाजली, त्यापलीकडं घागर,
लेकरं उठली, कुत्री उठली,
उजाडायच्या आत नवीन ग्रुप : नळ आला का २.
त्यात मला बायकोनं घेतलं,
विचारलं नाही.

काल खड्ड्यात उतरायच्या आधी
मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं.
बोटं जाड. एका ओळीला पाच मिनिटं.
"मधली गल्ली सोडतोय. कॉलनी नंतर."

निळ्या खुणा पडत गेल्या.
शाबास कुणी म्हणालं नाही.
निलोफर टाइप करत होती, थांबली, परत करत होती.
मग आलं :
"नंतर म्हणजे किती वाजता, काका?
वेळ लिहा."